साठ पोरी आणि तरोट्याचा पट्टा

आमच्या अण्णांना शेपू आणि बडीशेप यांतला फरक कळत नसे, आणि ते लातुरात जीवशास्त्र शिकवत. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदत होत्या. आईनं मेथी आणायला पाठवलं की ते पिशवीत काय घालून आणतील याचा नेम नसायचा. पण फळ्यापुढं उभे राहिले की वर्गाकडून कूळ, लक्षणं, पुष्पसूत्र असं घडाघडा म्हणवून घ्यायचे, भजनी मंडळानं गजर धरावा तसं. पहिली बॅच सकाळी साडेपाचला. तीस मुली पुढच्या खोलीत सतरंजीवर आणि तीस बाहेर ओट्यावर, अशी साठ जणींची गुणगुण आमच्या घरात दिवसभर चाललेली असायची, आणि मधूनच आतून आईच्या कुकरची शिट्टी. मी त्या साठांतलीच एक. घरची म्हणून लाड नकोत, या भीतीनं अण्णा मला जेवायच्या पाटावरसुद्धा कधीकधी आडनावानं हाक मारत. आडनाव त्यांचंच असल्यामुळं आई म्हणायची, "स्वतःलाच हाका मारून राहिलाव की हो!"

भूकंपानं गावातल्या भिंतींना तडे गेले होते, आणि त्याच तडे गेलेल्या भिंतींमागं उदगीरच्या, चाकूरच्या, पार अर्धापूरच्या मुली येऊन राहायला लागल्या होत्या. एकेका खोलीत चार-चार जणी, भिंतीवर देवाच्या फोटोपेक्षा मोठं वेळापत्रक. प्रत्येकीला डॉक्टर व्हायचं होतं. माझ्यासारखी एखादी, जिला नक्की काय व्हायचंय ते ठाऊक नव्हतं, तीही गप्प डॉक्टर व्हायला बसली होती. वर्गात माझा पहिला नंबर असायचा. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं त्याला तो नंबरच कारणीभूत आहे, म्हणून सांगायला लागतंय.

शेवंताआत्या ही अण्णांची थोरली बहीण. तिचं गाव औशाच्या पलीकडं. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की आमच्या ओट्यावरची गुणगुण तिच्या एका "काय गं पोरींनो"नं बंद पडायची. भूकंप झाला तेव्हा ती आमच्याकडं होती. आईचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून अण्णांनीच तिला बोलावून घेतलं होतं. गावात मामा, म्हणजे आत्याचे यजमान, एकटे होते. दगडमातीचं घर होतं. एवढंच लिहिते, कारण ती स्वतःही एवढंच सांगायची. आमच्यासमोर ती कधी रडली नाही. तेराव्यानंतर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर गोठ्यातून वाचलेली एक म्हैस कुणाच्या दावणीला आहे याचा शोध काढला आणि तिला घेऊन पत्र्याच्या शेडात राहायला गेली. अण्णांनी हजारदा सांगितलं की अक्का, आता लातुरातच राहा. "तुमच्या हितं म्हस कुठं बांधू, फळ्याला?" असं ती विचारायची.

मग नवं गाव झालं. सरळ रेषेत सारखी घरं, नंबर टाकलेली. आत्या पहिले सहा महिने घर चुकायची आणि ज्याच्या दारात शिरेल त्याच्याच नावानं ओरडायची की माझ्या घरात तू काय करून राहिलास. पण घरांपेक्षा भुईचा बदल मोठा होता, आणि तो आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आला नव्हता. नवं गाव वसवायचं म्हणून मशिनांनी माळ सोलून काढला होता. रस्त्यांसाठी मुरूम आणला, घरांच्या पायासाठी खड्डे घेतले, वरची माती खाली आणि खालची वर झाली. कुठून कुठून ट्रक आले, धान्य घेऊन, कडबा घेऊन. त्या सगळ्याबरोबर गाजरगवतही आलं. ते आधी नव्हतंच असं नाही, बांधाकडेला चार-दोन झुडपं असायची. पण आता सगळी भुईच उघडी पडलेली. हराळी, मारवेल, पवना, चाऱ्याचं जे काही गवत वर्षानुवर्षं मुळं धरून बसलं होतं, ते मुळासकट गेलं होतं. रिकाम्या एस.टी.त जो आधी चढेल तो जागा धरतो, तसं झालं. दोन पावसाळ्यांत गायरान पांढऱ्या फुलांनी भरून गेलं. लांबून छान दिसायचं. जवळ गेलं की अंगाला खाज, आणि चुकून चाऱ्यात आलं की म्हशीचं दूध कडू.

ही बातमी आम्हाला आत्याकडूनच कळली. ती दर आषाढात तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, कोवळी भाजी घेऊन यायची. लसणाची फोडणी, वर मुगाची डाळ, सोबत ज्वारीची भाकरी. तशी भाजी मी नंतर कुठं खाल्ली नाही. त्या वर्षी भाजी निवडता निवडता ती आईला म्हणाली, "मी गाजरगवताला जागा घावू देणार न्हाई. जुन्या गावच्या पांदीला तरोटा दाट हाय ना, तिथं ते खुरटून बसतंय बघ. भुई झाकलेली असली की त्याचं काय चालत न्हाई." तिनं जुन्या गावातून तरोट्याच्या शेंगा वेचून आणल्या होत्या, बिया वाळूत चोळून घेतल्या होत्या आणि रस्ता नि गायरान यांच्या मधोमध लांबलचक पट्टाच पेरला होता. म्हैस तरोटा तोंडात धरत नाही, पण तो चाऱ्यासाठी नव्हताच. रस्त्याकडून येणारं गाजरगवत तिथं अडायचं, आणि पलीकडं हळूहळू मारवेल परत यायला लागला होता. आजूबाजूच्या बायकांनीही आपापल्या घरामागं तेच सुरू केलं होतं. आई "हूं" म्हणत होती. अण्णा पेपर तपासत होते. मी भाजी खात होते. ऐकलं कुणीच नाही.

भाद्रपदात अण्णांच्या डोक्यात मोहीम शिरली. गाजरगवत निर्मूलन. लातुरातल्या दुसऱ्या एका क्लासनं झाडं लावल्याचा फोटो पेपरात आला होता, हे खरं कारण. पण अण्णांनी ते असं सांगितलं की बिचाऱ्या अक्काचं गायरान आपण साफ करून द्यायचं, आणि तिला आधी कळू द्यायचं नाही. गावी जाऊन बघेल तेव्हा डोळे भरून येतील तिचे! मग आत्याला लातूरला बोलावून घेतलं, आईची कंबर धरली आहे असं खोटं सांगून, आणि रविवारी साठ मुलींना धपाटी करून दे, पोरी सहलीला चालल्यात, असंही सांगितलं. आत्यानं पहाटे उठून धपाटी थापली. मिरचीचा ठेचा केला, दही बांधून दिलं. "लांब जाऊन राहिल्या का गं?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "नाही, जवळच."

दोन ट्रक भरून आम्ही निघालो. गाजरगवताबद्दल आम्हाला सगळं माहीत होतं. त्याचं शास्त्रीय नाव आम्ही उलटंसुद्धा म्हणून दाखवलं असतं. एका झाडाला बिया किती, कूळ कोणतं, मूळस्थान कुठलं, अपाय कोणते, चार पर्यायांत विचारा नाहीतर गाळलेल्या जागेत. गायरानात उतरलो आणि साठ जणी तुटून पडल्या. अण्णा शिट्टी वाजवत होते. फुलावर आलेली झुडपं उपटायची, ओढत ओढत सगळ्या माळावरून न्यायची आणि एका जागी ढीग करायचा, अशी योजना होती. म्हणजे ज्या जागी बी पडलं नव्हतं त्या जागीही आम्ही ते स्वहस्ते नेऊन टाकत होतो. अण्णांनी वर कुदळी देऊन मुळं खणायला लावली, म्हणजे भुई पुन्हा उघडी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्यात तर साठ शहाण्या होत्या.

दुपारी आम्ही त्या पट्ट्यापाशी पोचलो. गुडघ्याएवढं दाट हिरवं, पिवळी फुलं, बारीक लांब शेंगा. अर्धापूरची एक मुलगी, तिच्या घरी केळीचे मळे होते, ती थबकली. "सर, हे पण काढायचं? हे मुद्दाम पेरल्यावानी दिसून राहिलंय, वळीनं." अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. पहिला नंबर माझा. मी पुढं झाले, एक फांदी वाकवली, पानं पाहिली. ज्या कुळातला तरोटा, त्याच कुळाचं पुष्पचित्र मी त्या महिन्यात पंधरा वेळा काढलं होतं. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, कंपास लावून. त्याची भाजी दोन महिन्यांपूर्वी बोटं चाटून खाल्ली होती. आणि मी तिथं, सगळ्यांच्या देखत, ठणकावून म्हणाले, "तणच आहे. काढा."

अर्ध्या तासात पट्टा गेला. मग त्याच उपटलेल्या ढिगावर बसून आम्ही आत्याची धपाटी खाल्ली. फोटो काढला. आज मी नांदेडात शिकवते, पोरांना शिवारात घेऊन जाते. एखाद्या पोरानं झाडाला हात न लावता मोबाईलवर फोटो काढून नाव सांगितलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. रागवायचा हक्क मी त्या ढिगावर बसून गमावला आहे.

सोमवारी साठच्या साठ जणी अंग खाजवत बॅचला आल्या. फोटो पेपरात आला, एका मंडळानं प्रशस्तिपत्रक दिलं. आत्याला अण्णांनी अजून काही सांगितलं नव्हतं. ती गावी गेली. पंधरा दिवसांनी परत आली तेव्हा आम्ही जेवत होतो. ती दारातच उभी राहून अण्णांना म्हणाली, "दत्तू, माझा तरोटा उपटला रे कुण्या मुडद्यानं! ट्रकवाले का कोण आले होते म्हणं, पोरी घिऊन. शेजारणी रानात गेल्या होत्या, कुणी नीट बघितलंबी न्हाई. आरं, शेंगा धरल्या होत्या!" अण्णांनी घास तोंडात नेला आणि तो तिथंच राहिला. त्यांना कळलं. मला त्यांच्या आधी कळलं होतं, 'तरोटा' म्हणाली तेव्हाच. आई आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिनं आत्याला पाणी नेऊन दिलं. त्या दिवशी आम्ही दोघं काहीच बोललो नाही. नंतरही बोललो नाही. अण्णांनी एवढंच केलं की प्रशस्तिपत्रक भिंतीवरून काढून माझ्या वह्यांच्या खाली ठेवलं.

परतीचा पाऊस चांगला झाला, आणि उघड्या भुईवर गाजरगवत असं उठलं की आम्ही पेरून आल्यासारखं. आल्यासारखं कशाला, आम्ही पेरूनच आलो होतो. पलीकडचा मारवेल त्यानं दाबून टाकला. दिवाळीच्या तोंडावर म्हशीचं दूध कडू झालं. गावात जी दोन-चार घरं आत्याकडून दूध न्यायची ती बंद झाली. आत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत उतून आले, कारण ती एकटीच रोज उपटायला बसत होती. अण्णा जाऊन तिला बघून आले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मनातल्या टोचणीवर एक औषध शोधून काढलं: अक्काला कायमचं लातूरला आणायचं. म्हैस चुलत दिराकडं द्यायची, घराला कुलूप लावायचं. आणि आश्चर्य म्हणजे या वेळी आत्या हो म्हणाली. "आता काय करू तिथं ऱ्हाऊन," म्हणाली. दिवाळीला आली ती पत्र्याची पेटी घेऊनच.

तिला इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. मामा गेले तेव्हासुद्धा नाही. ती चकल्या तळायची, ओट्यावरच्या मुलींना द्यायची, हातांना तेल लावायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. आणि मला दिसत होतं की हिचं गाव भूकंपानं नाही घालवलं, ते मी घालवलं, एका वाक्यात. मला स्वतःची इतकी लाज तोवर कधी वाटली नव्हती.

भाऊबीजेला पाट मांडला. अण्णा डोक्यावर टोपी घालून बसले. आत्यानं ताटात निरांजन लावलं, कुंकू घेतलं, आणि म्हणाली, "तू हायस म्हणून आसरा हाय रे दत्तू." ते मला सोसलं नाही. मी म्हटलं, "आत्या, तरोटा आम्ही उपटला. अण्णांनी आणि मी. अण्णांना कळत नव्हतं, पण मी सांगितलं, तण आहे म्हणून." अण्णा पुटपुटले, "अगं, निदान ओवाळून तरी होऊ द्यायचं..."

आत्यानं ताट खाली ठेवलं. "तू?" म्हणाली. "तू खाल्लीस की गं ती भाजी माझ्या हातची." मग, "आन् ती धपाटी?" मी मान हलवली. "साठ पोरींत एकीलाबी वळखला न्हाई?" मी म्हटलं, एकीला शंका आली होती, तिला मी गप्प केलं. आत्या खाली बसली. "दोनदा मला बोलावून घेतलं तुमी," ती म्हणाली. "दोन्ही डाव माघारी गेले तर काय ऱ्हायलं न्हाई." आणि ती रडायला लागली. मामांसाठी जे रडणं तिनं इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ते आमच्या मधल्या खोलीत, तरोट्याच्या निमित्तानं, मोठ्यानं बाहेर आलं. बाहेर ओट्यावरच्या मुलींची गुणगुण थांबली. अण्णा पाटावरून उठलेही नाहीत आणि टोपीही काढली नाही. निरांजन आपोआप विझलं.

संध्याकाळच्या आत तिनं पेटी भरली. अण्णांकडं बघितलं नाही. मला म्हणाली, "चल." आई म्हणाली, "अहो, तिची दिवाळीची बॅच आहे." आत्या म्हणाली, "आसंल." आईनं माझे दोन परकर पिशवीत कोंबले आणि मला दाराबाहेर ढकललं. बाईमाणसांचं हे असं असतं, फार चर्चा होत नाही.

नव्या गावात तिनं मला पहिल्याच सकाळी पाण्याच्या नळावर नेलं. बायका रांगेत होत्या. "ही माझी भाची," आत्यानं सांगितलं. "वर्गात पहिली येती. हिनंच आपला तरोटा उपटला." बायकांनी मला खालून वर पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "पहिली? मंग शेवटची आली आसती तर घरं पाडली आसती." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग रडले, आणि कुणी विचारलंही नाही का म्हणून. माझ्या हातात कुणाची तरी घागर मात्र दिली.

आठ दिवस आम्ही जुन्या गावात शेंगा वेचल्या. तिथं घरं नव्हती, दगडांचे ढीग होते आणि त्यांच्यावरही गाजरगवत चढलं होतं. फक्त जुनी पांदीची वाट तशीच होती, कारण तिला कुणी हात लावला नव्हता, आणि तिच्या दोन्ही अंगांना तरोटा उभा होता, वाळलेला, वाऱ्यावर शेंगा खुळखुळत. एका ढिगापाशी आत्या थांबायची, पदरानं तोंड पुसायची आणि पुढं जायची. तो ढीग कुणाचा ते मी विचारलं नाही. आम्ही दोन पोती बी आणलं. म्हैस दिराकडून सोडवून आणली, आणि आत्याची पेटी परत लातूरला आली नाही.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी डॉक्टरकीला थोडक्यात चुकले. अण्णा घरात कुणाशीच नीट बोलेनात. "ते आठ दिवस," एवढंच म्हणायचे आणि वाक्य अर्धं सोडायचे. आत्यानं भाऊबीजेपासून त्यांच्याशी शब्द काढला नव्हता. त्यांनीही औशाच्या पलीकडं जायचं धाडस केलं नव्हतं. मृग होऊन गेला होता. मी कुणाला न विचारता एस.टी. धरली आणि गावी गेले.

पट्टा उगवला होता. पण कसा, तर तरोटा दोन बोटं आणि गाजरगवतही दोन बोटं, एकमेकांत मिसळून, सगळं सारखंच हिरवं. आत्यानं निकाल विचारला, मी सांगितला. ती "बरं" म्हणाली, माझ्या हातावर कडुलिंबाचं तेल ओतलं, एक जुनी चिंधी गुंडाळायला दिली आणि पट्ट्याच्या टोकाला बसवलं. "उपट." मी म्हटलं, "आत्या, तू इथंच थांब. मी दाखवत जाते, तू सांग." ती म्हणाली, "मला म्हस सोडायची हाय." आणि निघून गेली.

मी एकटी बसले. एकेका रोपाचं पान बोटांत धरायचं. फाटलेलं, लवदार ते गाजरगवत. गुळगुळीत, जोडीजोडीनं लागलेलं, चुरगळल्यावर उग्र वास येणारं, तो तरोटा. कंबर मोडली, ऊन डोक्यावर आलं, आणि मी जेमतेम दहा-बारा हात पुढं सरकले होते.

आत्या आली. पट्ट्याकडं बघितलंच नाही, माझ्या उपटलेल्या ढिगापाशी उकिडवी बसली आणि पेपर तपासावा तसा सगळा ढीग काडीकाडीनं उलटला. त्यातून तिनं तीन रोपं बाजूला काढली. तरोटा. तिनं ती तीन रोपं ओच्यात टाकली, उठली, गुडघे झटकले.

"उद्या उन्हाच्या आत बसायचं," ती म्हणाली. "आन् दत्तूला सांगावा धाड. म्हणावं, ये. त्येला बी शिकवते."